हिरा म्हणजे 'शुद्ध' कार्बन, हे कुणी सांगितलं? (टाइप वन, टाइप टू आणि बाकीच्या भानगडी)

अष्टफलक (धागाकर्ता)

शेजारच्या लॅबग्रोन हिऱ्यांच्या धाग्यावर हमरीतुमरी चालू आहे आणि मधूनमधून कुणीतरी येऊन छातीठोकपणे लिहून जातंय, "शेवटी हिरा म्हणजे शुद्ध कार्बन. खाणीतला काय नि कारखान्यातला काय." तिथे विषयांतर नको म्हणून हा वेगळा धागा काढतोय.

कार्बन म्हणाल तर मान्य. १७७२ मध्ये पॅरिसला लाव्हाझिएने भल्यामोठ्या भिंगाने ऊन एकवटून बंद भांड्यातला हिरा जाळला. भांड्यातल्या वायूने चुन्याची निवळी पांढरी झाली, कोळसा जाळल्यावर होते तशीच. पण गडी सावध होता. हिरा आणि कोळसा मुळात एकच, असं म्हणायला तो धजावला नाही. ते काम १७९७ मध्ये इंग्लंडात स्मिथसन टेनंटने केलं. सोन्याच्या नळीत सोऱ्याबरोबर हिरा तापवला, निघालेला वायू मोजला आणि तेवढ्याच वजनाच्या कोळशातूनही तेवढाच वायू निघतो हे दाखवलं.

शुद्ध मात्र मान्य नाही. हिऱ्यात प्रत्येक कार्बन अणू चार शेजाऱ्यांना धरून असतो. दोन अणूंमधलं अंतर ०.१५४ नॅनोमीटर. चारही दिशांना बंध सारखेच पक्के, आणि हीच जाळी दगडाच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत. एक कॅरेट म्हणजे २०० मिलिग्रॅम, आणि एवढ्याशा दगडात अणू किती? १ वर २२ शून्यं. त्यात दर दहा लाख अणूंमागे एकच परका घुसला तरी परक्यांची संख्या १ वर १६ शून्यं भरते. आणि नैसर्गिक हिऱ्यांत दहा लाखांत शेकडो परके अणू असणं ही रोजची गोष्ट आहे.

हे परके कोण, ते कळायला फार वेळ लागला. १९३४ मध्ये रॉबर्टसन, फॉक्स आणि मार्टिन या तिघांनी हिऱ्यांमधून अतिनील आणि अवरक्त प्रकाश सोडून पाहिला. बहुतेक हिरे साधारण ३०० नॅनोमीटरच्या खालचा प्रकाश अडवत होते. थोडे मात्र तो २२५ नॅनोमीटरपर्यंत खुशाल जाऊ देत होते. अडवणाऱ्यांना त्यांनी टाइप वन म्हटलं, सोडणाऱ्यांना टाइप टू. फरक कशामुळे पडतो याचा पुढची २५ वर्षं नीट पत्ता लागला नाही. १९५९ मध्ये कायझर आणि बाँड यांनी दाखवलं की कारण आहे नायट्रोजन. आवर्तसारणीत कार्बनच्या उजव्या हाताला बसणारा, अंगाने जवळपास तेवढाच, म्हणून जाळीत सहज घुसतो.

टाइप वन म्हणजे नायट्रोजन असलेला. त्यात वन-ए म्हणजे नायट्रोजनचे अणू गटाने राहणारे: कुठे शेजारीशेजारी दोन, कुठे एका रिकाम्या जागेभोवती चार. निसर्गातले ९५ टक्क्यांहून जास्त हिरे या घरातले. वन-बी म्हणजे नायट्रोजनचे अणू एकेकटे, विखुरलेले. निसर्गात हे फारच क्वचित, हजारात एकही नाही. टाइप टू म्हणजे नायट्रोजन यंत्राला दिसणार नाही इतका कमी. त्यातला टू-ए जवळजवळ स्वच्छ, नैसर्गिक मालात एक-दोन टक्के. आणि टू-बी म्हणजे नायट्रोजन नाही पण बोरॉन आहे. हा दुर्मिळ, बहुधा निळा किंवा निळसर राखाडी, आणि यातून वीज वाहते. टू-बी हा वेगळा प्रकार आहे हे कस्टर्सने १९५२ मध्ये दाखवलं. सुरुवातीला विजेचं श्रेय ॲल्युमिनियमला दिलं गेलं होतं, बोरॉनचं नाव सत्तरच्या दशकात पक्कं झालं.

(वन-ए मधल्या दोनच्या गटालाही 'ए' आणि चारच्या गटालाही 'बी' म्हणतात, त्यामुळे नवख्याची दांडी गुल होते. नावं ठेवणाऱ्यांना आपणही नावं ठेवू शकतो.)

कुणाला काही विचारायचं, भर घालायची, भांडायचं असेल तर या.

मृण्मयी_ठाणे

वाचतेय. छान धागा. एक बाळबोध प्रश्न. माझ्या कुड्यांच्या सर्टिफिकेटवर कट, कलर, क्लॅरिटी, कॅरेट सगळं आहे, पण हे टाइप वन-टू कुठेच नाही. मग हे वर्गीकरण नक्की कुणासाठी? आणि नायट्रोजन तर हवेत ७८ टक्के, त्याला रंग नाही, मग हिरा पिवळा कसा होतो?

अष्टफलक

ताई, बाळबोध नाही, मुद्द्याचाच प्रश्न आहे.

हवेतला नायट्रोजन रेणूच्या रूपात असतो, तो दिसणाऱ्या प्रकाशाला हात लावत नाही. हिऱ्याच्या जाळीत अडकलेल्या अणूची गोष्ट वेगळी. कार्बनला चार हात, नायट्रोजनकडे एक इलेक्ट्रॉन जास्तीचा. एकेकट्या नायट्रोजनचा हा जास्तीचा इलेक्ट्रॉन निळा-जांभळा प्रकाश गिळतो, उरतो तो पिवळा. म्हणून वन-बी हिरा गडद पिवळा दिसतो. तेच दोन नायट्रोजन शेजारी बसले की दोघांचं आपापसात भागतं, दिसणारा प्रकाश मोकळा जातो. म्हणजे नायट्रोजनने भरलेला हिरासुद्धा रंगहीन असू शकतो! मधेच कुठे तीन नायट्रोजन एका रिकाम्या जागेभोवती जमले तर मात्र ते ४१५ नॅनोमीटरला जांभळा प्रकाश खातात आणि दगडाला फिकट पिवळी झाक येते. तुमच्या सर्टिफिकेटवर डी पासून झेडपर्यंत जी रंगाची शिडी असते ना, (डी म्हणजे रंगहीन, पुढे पुढे पिवळट) त्यातला बराचसा पिवळेपणा या तिघांच्या टोळक्याचा.

थोडक्यात, रंगाची श्रेणी डोळ्याला काय दिसतं ते सांगते आणि टाइप आत काय आहे ते. डी रंगाचा दगड वन-ए ही असू शकतो, टू-ए ही.

बीकेसी_लोकल

मी याच धंद्यात, सॉर्टिंगला. मुंबईत ऑपेरा हाऊसला होतो, २०१० ला बोर्स (हिऱ्यांचा बाजार) बीकेसीत, म्हणजे वांद्रे-कुर्ला संकुलात आला तेव्हा आम्हीही पाट्या उचलून इकडे आलो. खरं सांगू का, तेव्हा बाजारात टाइप कुणी विचारत नव्हतं. भिंग डोळ्याला, चिमट्यात खडा, पांढऱ्या कागदाच्या घडीत तो उलटा ठेवायचा, खिडकीतून येणाऱ्या उजेडात रंग बघायचा, विषय संपला. टू-ए हे नाव मोठमोठ्या लिलावांच्या कॅटलॉगात तेवढं दिसायचं, "गोवळकोंड्याचं पाणी" वगैरे.

सीव्हीडी (वायूतून कार्बनचे थर बसवून बनवलेला लॅबचा हिरा) आला आणि आता आमच्या ऑफिसातला चहावालासुद्धा टू-ए म्हणतो. कारण ऐका. स्क्रीनिंगचं यंत्र काय करतं, वर अष्टफलकांनी सांगितली ती ४१५ ची खूण शोधतं. डी बीअर्स या हिरे कंपनीने काढलेलं पहिलं मशीन याच तत्त्वावर होतं. खूण सापडली की माल पास, कारण ते तिघांचं टोळकं बनायला जमिनीखाली युगं जावी लागतात. खूण नाही सापडली की दगड बाजूला, पुढच्या तपासणीला. आता बघा, सीव्हीडी बहुतेक सगळा टू-ए. म्हणजे बाजूच्या ट्रेमध्ये कोण कोण पडतं? सगळा कारखान्याचा माल, आणि त्याच्याबरोबर खाणीतले अस्सल टू-ए. कोहिनूरच्या जातीचा दगड आणि गेल्या महिन्यात भट्टीतून निघालेला दगड एकाच ट्रेमध्ये! जो सगळ्यात स्वच्छ तोच आज सगळ्यात संशयित.

याचा फटका लोकांना बसतो. आमच्या ओळखीतल्या एका बाईंनी सासूबाईंची जुनी अंगठी एका पेढीवर मोडायला नेली. मशीनने दगड पास केला नाही म्हणून काउंटरवरच्या पोराने "लॅबचा आहे" म्हणून सांगून टाकलं. सासूबाईंचं लग्न १९६१ चं. तेव्हा दागिन्यात घालण्याजोगा लॅबचा हिरा जगात कुठेच विकायला नव्हता! नंतर मोठ्या प्रयोगशाळेत पाठवला, नैसर्गिक टू-ए निघाला. मशीन "पुढे तपासा" म्हणत असतं, पोरं त्याचं "खोटा" करतात.

सातारी_तडका

लोकल भाऊ, प्रतिसाद एक नंबर. ते चहावाल्याचं वाक्य फारच आवडलं.

बेसाल्टभाऊ

भूविज्ञानवाला आहे, म्हणून गटागटाने राहण्याबद्दल जरा विस्ताराने लिहितो, कारण सगळ्यात रसाळ भाग तोच आहे.

हिरा तयार होताना नायट्रोजन आत शिरतो तो सुटा, एकेकटा. म्हणजे जन्माच्या वेळी नायट्रोजनवाला प्रत्येक हिरा वन-बी असतो. त्यानंतर तो १५० ते २०० किलोमीटर खोल, हजार-बाराशे अंश सेल्सिअसच्या आसपास पडून राहतो, आणि त्या उष्णतेत नायट्रोजनचे अणू जाळीतून इंचाइंचाने सरकायला लागतात. (इंच म्हणजे फारच झालं, पण समजून घ्या.) दोघांची जोडी त्यामानाने लवकर जमते. चौघांचा गट जमायला कोट्यवधी, कधी अब्जावधी वर्षं. मग एखाद्या हिऱ्यात जोड्या किती आणि चौकड्या किती हे अवरक्त वर्णपटातून मोजलं, की तो किती तापमानात किती काळ मुरला याचा अंदाज बांधता येतो. जोडीची खूण १२८२ ला दिसते, चौकडीची ११७५ ला (हे आकडे नॅनोमीटर नव्हेत, एका सेंटीमीटरमध्ये किती लहरी मावतात ते). वय दुसरीकडून, म्हणजे आत अडकलेल्या गार्नेटसारख्या खनिजांवरून कळलं, तर तापमान निघतं. साडेतीन अब्ज वर्षांपर्यंतचे हिरे सापडले आहेत.

म्हणून निसर्गात वन-बी इतका दुर्मिळ. तो जन्मल्यावर लवकर वर फेकला गेला असेल किंवा थंड जागी राहिला असेल, तरच तसा टिकतो.

आता टू-ए. हे कुठून येतात हे कोडंच होतं. कलिनन (१९०५, दक्षिण आफ्रिका, ३१०६ कॅरेट) टू-ए, कोहिनूर टू-ए, दर्या-ए-नूर टू-ए. मोठे दगड नेमके या दुर्मिळ जातीचे का? २०१६ मध्ये इव्हान स्मिथ आणि सहकाऱ्यांनी असे मोठे हिरे कापताना उरलेले तुकडे तपासले. आत लोह-निकेल-कार्बन-गंधक यांचे थिजलेले कण आणि भोवती मिथेनचा पातळ थर मिळाला. निष्कर्ष असा की हे नेहमीच्या हिऱ्यांपेक्षा कितीतरी खोल, ३६० ते ७५० किलोमीटरवर, वितळलेल्या धातूत वाढले. २०१८ मध्ये त्याच मंडळींनी निळ्या टू-बी हिऱ्यांचा माग काढला. तेही अतिखोल. आणि बोरॉन? तो तर वरच्या कवचात असतो, खाली मुळीच सापडू नये. त्यांचं म्हणणं असं की समुद्रतळाचा खडक बोरॉन घेऊन खाली सरकत प्रावरणात (कवचाखालच्या थरात) गेला आणि तिथे तो हिऱ्याच्या वाट्याला आला. म्हणजे निळ्या हिऱ्यात कधीकाळच्या समुद्राचा अंश आहे. मला हे कळलं तेव्हा दिवसभर दुसरं काही सुचलं नव्हतं.

खडीसाखर

बेसाल्टभाऊ, मग आपल्या सह्याद्रीत का नाही हिरे? एवढा लाव्हा ओतलाय.

बेसाल्टभाऊ

लाव्हा ओतलाय, पण चुकीच्या खोलीवरून. दख्खनचा बेसाल्ट साधारण ६.६ कोटी वर्षांपूर्वीचा, तो हिऱ्यांच्या पट्ट्यापर्यंत खाली पोचलाच नव्हता. हिरे वर आणतो तो किंबर्लाइट किंवा लॅम्प्रोइट. हे खोलवरून सुसाट येणारे मॅग्मा, तेही जुन्या, जाड, थंड खंडगाभ्यांमधून. पन्नाजवळच्या मझगवाँची खाण हे आपल्याकडचं ठळक उदाहरण. सावकाश वर आला असता तर वाटेतच हिऱ्याचा ग्रॅफाइट झाला असता.

पण महाराष्ट्र अगदीच कोरडा नाही हां. गडचिरोलीत आरमोरी तालुक्यातलं वैरागड. आईन-ए-अकबरीत तिथल्या हिऱ्यांच्या खाणीचा उल्लेख आहे. तो भाग दख्खनच्या बेसाल्टच्या बाहेर पडतो, म्हणून ते भूविज्ञानातही बसतं.

गॅलरीतला

एवढं सगळं नायट्रोजन-बोरॉन चाललंय तर आपल्या पूर्वजांची आठवण काढायलाच हवी. गरुडपुराणात रत्नपरीक्षेचा भाग आहे, त्यात चांगल्या वज्राला (हिऱ्याला) सहा कोपरे, आठ बाजू आणि बारा धारा असतात असं दिलंय. अष्टफलक, तुमचं नावच की हो! म्हणजे स्फटिकशास्त्र आपल्याकडे आधीपासून होतं.

अष्टफलक

गॅलरीतले राव, नाव तिथूनच सुचलं. आठ त्रिकोणी बाजू, सहा टोकं, बारा कडा. हिऱ्याच्या स्फटिकाचा आकार अगदी बिनचूक टिपलाय, आणि तोही हाताळून, निरखून. पन्न्याच्या किंवा गोवळकोंड्याच्या कच्च्या मालात असे अष्टफलक मिळायचेच. निरीक्षण म्हणून मी त्याला सलाम करतो.

वर्गीकरण म्हणून मात्र नाही. त्या ग्रंथपरंपरेत पांढरा हिरा ब्राह्मण, तांबूस क्षत्रिय, पिवळा वैश्य, काळा शूद्र, आणि कुणी कुठला घालायचा त्याचे नियम. समाजातली उतरंड उचलून दगडावर डकवली. आत काय आहे याच्याशी संबंध शून्य. पिवळा 'वैश्य' हिरा वन-ए असेल किंवा वन-बी, दोघांची जन्मकथा वेगळी.

गॅलरीतला

हे मान्य. पण आकाराचं श्रेय राहू द्या.

अष्टफलक

ते राहिलंच आहे.

टेकडीवरचा

सर सी. व्ही. रामन यांचं नाव अजून कुणी कसं घेतलं नाही? हिरा हा त्यांचा जीव की प्राण होता. बंगळुरूत त्यांनी हिऱ्यांचा मोठा संग्रह केला होता, आणि रामन परिणामाने (पदार्थावरून विखुरलेल्या प्रकाशाचा रंग किंचित बदलतो तो) हिऱ्यात जी रेषा दिसते ती १३३२ ची (हेही सेंटीमीटरमागे लहरींचं माप). रामस्वामी आणि भगवंतम यांनी ती १९३० मध्ये टिपली. आज जगातल्या कुठल्याही रत्नप्रयोगशाळेत जा, दगडावर लेझर टाकला आणि १३३२ ला टोकदार रेष आली की हिरा. झिरकॉन, मॉइसनाइट (हिऱ्यासारखा दिसणारा सिलिकॉन कार्बाइडचा खडा), काच, कुणाकडेही ती नाही.

पण टाइप वन आणि टू चं कारण शोधताना रामन वेगळ्या वाटेने गेले. १९४४ च्या सुमारास त्यांनी मांडलं की हिऱ्याच्या मूळ रचनेचेच चार प्रकार आहेत, काहींची सममिती चतुष्फलकाची, काहींची अष्टफलकाची, आणि टाइपमधला फरक त्यातून येतो. म्हणजे हा फरक अंगभूत, अशुद्धीचा नाही. इंग्लंडात स्फटिकशास्त्रज्ञ कॅथलीन लॉन्सडेल यांना क्ष-किरणांच्या पुराव्यावरून हे पटत नव्हतं, आणि वाद चांगलाच रंगला. भौतिकशास्त्रज्ञ मॅक्स बॉर्न यांच्याशी जाळीच्या कंपनांवरून वाजलं ते वेगळंच. त्यातही पुरावा म्हणून हिराच पुढे केला जायचा. १९५९ ला नायट्रोजन सापडला आणि अशुद्धीचा पक्ष जिंकला.

यात रामन यांचा कमीपणा वाटून घेऊ नये. दगड गोळा करणं, प्रत्येकाची चमक, प्रत्येकाचा वर्णपट बारकाईने नोंदवणं हे त्यांच्या गटाने केलं. ते काम आजही उभं आहे, अर्थ लावणं तेवढं पडलं. बाकी लॉन्सडेलबाईंचं नाव पुढे कार्बनच्याच षट्कोनी भावंडाला मिळालं, लॉन्सडेलाइट. ते १९६७ मध्ये ॲरिझोनातल्या कॅन्यन डियाब्लो उल्केत ओळखलं गेलं.

चिंगी

सगळे ज्ञानी लोक बोलतायत तर एक विचारून घेते. सिनेमात हिरा चाटून किंवा कुटून खाऊन माणसं मरतात ते खरं का? आणि घराला आग लागली तर हिरे जळतात का? (दोन्हीचा माझ्या सासरच्यांशी संबंध नाही.)

अष्टफलक

चिंगी, खुलासा वाचून सासरचे निवांत झाले असतील.

विष अजिबात नाही. कार्बन, तोही इतका बांधलेला की पोटातल्या आम्लाला तो हलत नाही. चाटल्याने काही होत नाही. अणकुचीदार तुकडा गिळला तर काच गिळल्यासारखी इजा होऊ शकते, तेवढंच.

जळतो मात्र नक्की. हवेत साधारण ७०० ते ८०० अंशांपुढे पृष्ठभाग जळायला लागतो आणि दगड दुधाळ, धुरकट दिसतो. पुन्हा पैलू करून घेतला की बहुधा सुधारतो, वजन थोडं जातं. प्राणवायू नसेल तर जळणार नाही, पण दीड हजार अंशांच्या पुढे हळूहळू ग्रॅफाइट होईल.

बीकेसी_लोकल

याला पुरवणी. कारागीर हिरा जडवलेली अंगठी दुरुस्त करतो तेव्हा आधी बोरिक पावडर स्पिरिटमध्ये कालवून त्यात अंगठी बुडवतो आणि स्पिरिट पेटवून देतो. हिरवट ज्योत येते आणि दगडावर पांढरा पापुद्रा धरतो. मग झारणीची ज्योत लागली तरी हवा हिऱ्याला भिडत नाही. घाईत हे टाळलं की दगड धुरकटतो आणि बोलणी खावी लागतात.

आणि अजून एक, "सगळ्यात कठीण" म्हणून लोक हिरा आपटतात. अभंगातला हिरा ऐरणीवर घण सोसतो. खऱ्या हिऱ्याने हे सोसायचं काही कारण नाही. त्याला चार दिशांना फुटीची पातळी असते, नेमका घाव बसला की सरळ चिरतो. जुने कारागीर कच्चा माल असाच एका टोल्यात फोडायचे. ओरखडा पडणं वेगळं आणि फुटणं वेगळं.

प्लाझ्मा

सीव्हीडीच्या क्षेत्रात काम करतो, त्यामुळे कारखान्याची बाजू मांडतो. बाजू म्हणजे वकिली नव्हे.

पहिली पद्धत उच्च दाब-उच्च तापमानाची, एचपीएचटी. स्वीडनच्या आसेआ कंपनीने १९५३ मध्ये केली पण गप्प बसले. जनरल इलेक्ट्रिकमध्ये ट्रेसी हॉलने डिसेंबर १९५४ मध्ये करून दाखवली आणि जगाला तीच कळली. लोह, निकेल, कोबाल्ट अशा वितळलेल्या धातूत कार्बन विरघळवायचा, वातावरणाच्या पन्नास-साठ हजार पट दाब, १३०० ते १६०० अंश, आणि थंड टोकाला ठेवलेल्या बीजावर हिरा वाढवायचा. साच्यात हवा राहतेच, तिचा नायट्रोजन हिऱ्यात शिरतो. आणि गट करायला अब्ज वर्षं कुणाकडे आहेत? म्हणून सुरुवातीचा एचपीएचटी हिरा पिवळा, वन-बी. निसर्गात जो हजारात एक नाही तो इथे सरसकट! रंगहीन हवा असेल तर नायट्रोजन पकडून ठेवणारा टायटॅनियमसारखा धातू घालायचा. निळा हवा तर चिमूटभर बोरॉन.

दुसरी सीव्हीडी. निर्वात कक्षात थोडा मिथेन आणि भरपूर हायड्रोजन, त्यात मायक्रोवेव्हने प्लाझ्मा पेटवायचा, खाली हिऱ्याच्या पातळ चकत्या ८००-१००० अंशांवर. मिथेन फुटतो, कार्बन थराथराने बसतो, चुकून ग्रॅफाइट बसलाच तर हायड्रोजनचे अणू तो खरवडून काढतात. खिडकीतून पाहिलं तर चकत्यांवर जांभळट गोळा तरंगत असतो. वाढ तासाला काही मायक्रोमीटरपासून काही दहा मायक्रोमीटरपर्यंत, म्हणजे कॅरेटभर दगडाला आठवडे. नायट्रोजन आपण आत सोडतच नाही किंवा अगदी नाममात्र, म्हणून टू-ए.

ओळखायचं कसं? सीव्हीडीमध्ये बऱ्याचदा सिलिकॉनची खूण ७३७ नॅनोमीटरला येते. कक्षाच्या काचेचं सिलिकॉन प्लाझ्माने उडवलेलं असतं. तीव्र अतिनीलमध्ये वाढीच्या सरळ रेघा दिसतात, नैसर्गिकमध्ये झाडाच्या वर्तुळांसारखी किंवा चौकटीची नक्षी. एचपीएचटीच्या आत धातूचे कण राहिले तर जोरदार चुंबकाला दगड ओढला जातो.

आणि ज्या वाक्यावरून हा धागा निघाला त्यावर: दोन्हींची जाळी एकच, कठीणपणा तोच, अपवर्तनांक (प्रकाश किती वाकतो त्याचं माप) २.४२ तोच. अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशनने जुलै २०१८ मध्ये हिऱ्याच्या व्याख्येतून 'नैसर्गिक' ही अट काढली, ती उगीच नाही. पण आतल्या दोषांची मांडणी एक नाही. "खाणीतला काय नि कारखान्यातला काय" हे डोळ्यासाठी खरं, वर्णपटासाठी खोटं.

मृण्मयी_ठाणे

मग एखाद्याने सीव्हीडी हिरा पुन्हा तापवून नायट्रोजनचे गट जमवले तर? यंत्राला फसवता येईल की.

प्लाझ्मा

चोराच्या मनातलं बोललात! तापवून खेळ होतोच. तपकिरी नैसर्गिक टू-ए दगड घ्यायचा, दाबाखाली दोन हजार अंशांच्या आसपास तापवायचा, तपकिरी झाक जाते आणि रंगहीन होतो. कारण ती झाक नायट्रोजनची नसून जाळी वाकल्याने पडलेल्या रिकाम्या जागांची असते. १९९९ मध्ये असे दगड बाजारात आले तेव्हा सगळ्या प्रयोगशाळांची झोप उडाली होती. म्हणून आज मोठ्या रंगहीन दगडाच्या तपासणीत टाइप आधी ठरवतात. वन-ए असेल तर या मार्गाने रंगहीन केल्याचा संशय घ्यायला सहसा जागा नाही, टू-ए असेल तर सखोल तपासणी. सीव्हीडीही वाढल्यावर तपकिरी असला तर असाच तापवून उजळवतात.

पण खोटं ४१५ आणायचं तर आधी भरपूर नायट्रोजन घालावा लागेल, मग तो पिवळा होईल, मग प्रचंड तापमानाला गट करावे लागतील, आणि इतक्या गडबडीत दुसऱ्या दहा खुणा मागे राहतील. स्वस्तात जमणारं काम नाही.

सातारी_तडका

एवढं वाचून डोकं गरगरलं. थोडक्यात सांगा, घ्यायचा का नाही घ्यायचा?

बीकेसी_लोकल

तडका, घालायला हवाय तर कुठलाही घ्या, लॅबचा घ्या, मोठा येईल. पुन्हा विकायचा विचार असेल तर लॅबच्या नादी लागू नका, भाव ढासळताना रोज बघतोय. आणि काहीही घेतलं तरी बिलावर नैसर्गिक की लॅबग्रोन हे ठळक लिहून घ्या. नुसतं 'डायमंड' लिहिलेलं बिल घरी आणू नका.

खडीसाखर

नवऱ्याने ऑनलाइन एक पेनासारखा डायमंड टेस्टर मागवलाय. घरातल्या सगळ्या खड्यांना टोचत हिंडतोय. त्याचा काही उपयोग?

प्लाझ्मा

काच आणि अमेरिकन डायमंड बाजूला काढायला उपयोग आहे. तो टेस्टर उष्णता किती वेगाने वाहून जाते ते बघतो. हिरा इथे तांब्याच्या पाचपट, बाकीचे खडे जवळपास मठ्ठ. पण लॅबचा हिराही हिराच, तो पास होणार. मॉइसनाइट, म्हणजे सिलिकॉन कार्बाइड, उष्णता चांगली वाहतो, त्यामुळे तोही कित्येकदा पास होतो. त्यासाठी वीज तपासणारा टेस्टर निघाला, कारण मॉइसनाइट वीज वाहतो, हिरा नाही. अपवाद टू-बी. समजा तुमच्याकडे होप हिरा असेल (४५.५२ कॅरेट, कृष्णाकाठच्या कोल्लूरचा, सध्या वॉशिंग्टनमध्ये), तर विजेचा टेस्टर त्यालाही मॉइसनाइट ठरवू शकतो.

मॉइसनाइटसाठी भिंग बरं. वरच्या पृष्ठभागातून तिरकं पाहिलं की मागच्या पैलूंच्या कडा दुहेरी दिसतात. हिऱ्यात एकेरी.

खडीसाखर

नवऱ्याला भिंग दिलंय. आता अतिनील टॉर्चही मागवतो म्हणतोय. निळं चमकलं म्हणजे खरा, असं त्याने कुठेतरी वाचलंय.

अष्टफलक

त्यांना सांगा, अर्धं बरोबर. ३६५ नॅनोमीटरच्या टॉर्चखाली निळी चमक आली तर ते बहुधा तिघांच्या टोळक्याचं काम, म्हणजे वन-ए, म्हणजे नैसर्गिक असण्याची शक्यता चांगली. पण नैसर्गिक हिऱ्यांपैकी साधारण पाव ते एकतृतीयांशच डोळ्याला दिसेल इतके चमकतात. न चमकणारा खोटा असं धरलं तर घरातले बरेच खरे दगड बाद होतील. बऱ्याच खड्यांचा जुना दागिना असेल तर सगळे एकदम अंधारात धरा: काही निळे, काही मंद, काही गप्प, एखादा पिवळट, असा सरमिसळ उजेड आला तर ते चांगलं लक्षण. सगळे एकाच रंगात एकसारखे चमकले, किंवा टॉर्च बंद केल्यावरही बराच वेळ चमकत राहिले, तर प्रयोगशाळेत पाठवा. २५४ नॅनोमीटरचा दिवा मात्र घरी मागवू नका, त्याने डोळे आणि कातडी भाजते. आणि ३६५ चा टॉर्चसुद्धा मुलांच्या हाती देऊ नका.